बाद झालेली सात मतं

तालुक्याच्या गावी कचेरीच्या समोरच्या रांगेत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. उतारे, जातीचे दाखले, वारसा नोंदी, रेशनकार्डातल्या नावाच्या दुरुस्त्या, बँकेची अ‍ॅफिडेव्हिटं, सगळं मी नुडीवर, म्हणजे कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर, कन्नडमध्ये टाइप करून देतो. समोर बसलेला माणूस मराठीत सांगतो आणि माझी बोटं कन्नडमध्ये चालतात. आमच्या सीमाभागात असं दुकान चालतं ते याच्यावरच. रोज पंचवीस-तीस अर्ज माझ्या हाताखालून जातात. आणि ज्या एका दिवशी मतमोजणीच्या हॉलमध्ये घरच्या माणसासाठी चार ओळींचा अर्ज लिहायचा होता, त्या दिवशी मी तो लिहिला नाही. येत्या ३० डिसेंबरला त्याला पाच वर्षं होतील. हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याविरुद्ध निवडणूक झाली ते समोरचं घर आमच्याच गल्लीतलं आहे, त्यांच्या घरच्या बारशाला आम्ही जातो आणि आमच्या म्हाईच्या जेवणाला ते येतात.

डिसेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायतीच्या निवडणुका दोन टप्प्यांत झाल्या, २२ आणि २७ तारखेला. ३० ला तालुक्याला मोजणी. आमच्या गल्लीची जागा सामान्य महिलेसाठी राखीव होती. माझी वहिनी उभी होती. स्त्री शक्ती संघाच्या, म्हणजे बचत गटाच्या, बायकांनीच तिला आग्रह करून उभं केलं होतं. पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, मोकळ्या चिन्हांतून मिळतं. तिला गॅस सिलिंडर मिळालं. समोरच्या घरच्या सुनेला शिलाई मशीन. आणि तिसऱ्या होत्या गल्लीच्या टोकाच्या काकू, त्यांचं चिन्ह मधल्या खान्यात. मतपत्रिकेवर वहिनी पहिली, काकू दुसऱ्या, शिलाई मशीन तिसरं.

मोजणीला वहिनीचा एजंट म्हणून मी बसलो होतो. कोरोनाचे दिवस, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, कॉलेजचा हॉल, जाळीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे टेबलं. वहिनीला १२८. शिलाई मशीनला १३२. काकूंना १९. बाद ७.

त्या सातांविषयी नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

मतदान केंद्रात आपल्या हातात जो शिक्का देतात त्याची बाणफुली असते. तिची चारही टोकं एकाच दिशेने वळलेली असतात. ते शोभेसाठी केलेलं नाही. शाई ओली असताना कागद दुमडला की दुसऱ्या अंगाला पुसट ठसा उमटतो, पण तो उमटतो आरशात दिसावा तसा, उलटा. मूळ शिक्क्याची टोकं एका बाजूला वळलेली असतात आणि घडीच्या ठशाची दुसऱ्या बाजूला. डोळ्यांनी बघणाऱ्याला एका क्षणात कळतं की माणसाने शिक्का कुठे मारला आणि शाई कुठे लागली. म्हणूनच मतपत्रिकेला आधी उभी घडी घालायची आणि मग आडवी, असं सांगितलेलं असतं. उभी घालाल तर शाई त्याच उमेदवाराच्या नावावर लागते, काही बिघडत नाही. आधी आडवी घालाल तर वरच्याची शाई खालच्याच्या खान्यात. तीन नावांची मतपत्रिका मधोमध आडवी दुमडली की पहिल्याचा ठसा नेमका तिसऱ्यावर येतो.

त्या सातांतल्या पाच मतपत्रिका मी जाळीतून बघितल्या. सिलिंडरवर गडद बाणफुली, शिलाई मशीनवर पुसट आणि उलटी. अधिकारी एकेक मतपत्रिका वर धरत होते, "दोन शिक्के, बाद" म्हणत होते आणि खाली ठेवत होते. मी म्हटलं, साहेब, ती घडीची शाई आहे, दिशा बघा. ते म्हणाले, दोन खान्यांत खूण आहे, मी काय करू? मी परत म्हटलं. पलीकडच्या एजंटाने आवाज चढवला. मीही चढवला. पुढच्या गावाचे लोक दारात येऊन उभे होते. दिवसभर उभा राहून तो माणूसही थकला होता, हे मला दिसत होतं. दहा मिनिटांत आमच्या वॉर्डाचा निकाल जाहीर झाला आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर व्हायच्या आत लेखी मागायची असते, आणि का हवी त्याचं कारणही लिहायचं असतं. खिशात पेन होतं. पाठीवरच्या पिशवीत कोऱ्या कागदांची गड्डी होती. मी भांडलो, लिहिलं नाही.

बाहेर गुलाल उडत होता. वहिनी गेटजवळ उभी होती. ती एवढंच म्हणाली, "भावजी, असं कसं हो? बायकांनी शिक्का तर एकच मारलाय की."

*

गल्लीत सगळ्यांनी एकच म्हण ऐकवली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. चार मतांसाठी कोर्ट काय? मला त्यावर आपल्याच कर्नाटकातलं संतेमरहळ्ळी आठवतं. २००४ च्या विधानसभेला तिथे ए. आर. कृष्णमूर्ती यांना ४०,७५१ मतं पडली आणि आर. ध्रुवनारायण यांना ४०,७५२. एका मताने आमदारकी जाते, तर चार मतं म्हणजे खूप झाली.

कायदा मात्र घड्याळ हातात घेऊन बसलेला असतो. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यात कलम १५ आहे. निकाल जाहीर झाल्यापासून तीस दिवसांच्या आत निवडणूक अर्ज नेमलेल्या दिवाणी कोर्टात द्यायचा, सोबत पाचशे रुपये अनामत. आमदार-खासदारांना पंचेचाळीस दिवस आणि उच्च न्यायालय. तिथे एक दिवस उशीर झाला तरी माफी नाही; इतर दाव्यांत उशीर माफ करायची जी सोय असते ती निवडणूक अर्जाला लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच सांगून ठेवलंय. आणि निवडणूक चालू असताना मधेच कोर्टात जायची वाट तर १९५२ पासून बंद आहे. मद्रास राज्यातल्या नामक्कलच्या पोन्नुस्वामींचा फॉर्म नाकारला गेला होता, ते सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे सांगितलं गेलं की आधी निवडणूक पार पडू दे, मग जे म्हणायचं ते निवडणूक अर्जात म्हणा. संविधानाच्या कलम ३२९ चा तो अर्थ पंचायतींनाही पुढे तसाच लागू झाला. मला हा नियम पटतो. प्रत्येक नाकारलेल्या फॉर्मला स्थगिती मिळायला लागली तर देशात एकही मतदान वेळेवर होणार नाही. पण मग दुसरी अर्धी बाजूही कायद्याने पाळायला हवी, ते पुढे सांगतो.

आमच्याकडे २९ जानेवारीपर्यंत वेळ होता. मधे संक्रांत, मधे १७ तारखेचा हुतात्मा दिन. वकील साहेब वयस्कर, मराठी शाळेत शिकलेले, कोर्टात सगळं कन्नड. त्यांनी पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी सांगितल्या. एक, वहिनीने स्वतः कोर्टात येऊन अर्ज द्यायचा, वकिलाच्या हाती पाठवायचा नाही. बागेपल्लीच्या जी. व्ही. श्रीरामरेड्डींचा अर्ज वकिलांनी नेऊन दिला आणि रेड्डी स्वतः हजर नव्हते, तेवढ्यावरून तो गेला, २००९ ला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही वाचला नाही. ते विधानसभेचं प्रकरण, पण वकील साहेब म्हणाले, धोका कशाला? दोन, बाद मतांचं पाकीट सांभाळून ठेवा असा हुकूम आधी मागायचा, नाहीतर ठरावीक मुदतीनंतर कागद नष्ट करतात. तीन, "मला निवडून आली असं जाहीर करा" असं मागायचं असेल तर सगळ्या उमेदवारांना प्रतिवादी करावं लागतं.

सगळ्या म्हणजे काकूंनाही.

समन्स घेऊन बेलिफ गल्लीत आला त्या दिवशी काकू दुकानात आल्या. बसने, एकट्या. हातात तो कागद, कन्नडमधला, त्यांना वाचता न येणारा. "माझ्यावर केस कशाला घातलास रे? एकोणीस मतं पडली म्हणून पोलीस न्यायला येतील काय?" मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, ओळ न् ओळ वाचून मराठीत सांगितली. त्यांना पटलं की नाही माहीत नाही. जाताना म्हणाल्या, "तुझ्या बाबाला मी राखी बांधत होते." पुढचं वर्षभर त्या आमच्या दारावरून जाताना मान वळवून जायच्या. कायद्याच्या पुस्तकात हे "आवश्यक पक्षकार" या दोन शब्दांत येतं. खेड्यात त्या दोन शब्दांची किंमत अशी द्यावी लागते.

अर्ज मीच टाइप केला. रात्री शटर अर्धं ओढून, तीन रात्री. प्रत्येक प्रतीवर वहिनीची सही. तिला कन्नड बोलता येतं, बाजारात, दवाखान्यात, बँकेत अडत नाही. वाचता येत नाही. म्हणून मी तिला प्रत्येक परिच्छेद मराठीत सांगायचो आणि मग ती मराठीत सही करायची. २५ जानेवारीला अर्ज दाखल झाला.

*

पाचशे रुपये अनामत म्हटल्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, कॉटवर उठून बसले. "छप्पन्नाव साली माझं डिपॉझिटही पाचशेच होतं," म्हणाले. ते शहाण्णवला नेहमी छप्पन्नाव म्हणतात, छप्पनचा सीमालढ्यातला गोळीबार आणि शहाण्णवची निवडणूक त्यांच्या डोक्यात एकत्रच बसलेली आहे.

१९९६ च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. त्यातले एक आप्पा. सीमाप्रश्नाकडे दिल्लीने बघावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने माणसं उभी केली होती, गावागावातून. आप्पा भाताची मळणी उरकून, इस्त्रीचा सदरा घालून, कलेक्टर कचेरीत फॉर्म भरायला गेले होते. मी बारावीत होतो. निवडून यायचं कुणाच्याच मनात नव्हतं. त्याच वर्षी नलगोंड्यात पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरून ४८० जण उभे राहिले, तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला १,०३३. आणि त्याच वर्षी संसदेने कायदा बदलला. लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजार झाली, विधानसभेची अडीचशेवरून पाच हजार. मान्यता नसलेल्या पक्षाच्या आणि अपक्ष उमेदवाराला एका सूचकाऐवजी दहा सूचक. २०१० पासून लोकसभेचे पंचवीस हजार आहेत. आमच्यासारख्या घरातला माणूस निषेध म्हणून आज फॉर्म भरणार नाही, तो पैसा औताला किंवा पोरीच्या फीला लागतो. हजार नावांची मतपत्रिका कुणालाच नको, हे मलाही कळतं. तरीही आप्पांच्या पेटीतली ती पाचशेची पावती बघितली की मला वाटतं, ज्याचं ऐकून घ्यायला दुसरी जागा नव्हती त्याने कागदावर नाव छापून घेतलं होतं, आणि उत्तर म्हणून त्या कागदाची किंमत वाढवली गेली.

तेव्हा आणखी एक भीती घालायचे लोक. भाषेच्या नावावर मत मागितलं तर निवडणूक रद्द होते, म्हणायचे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये तसं आहे, धर्म, वंश, जात, जमात किंवा भाषा यांच्या आधारावर मत मागणं हा भ्रष्ट आचार. पण १९६४ चा एक निकाल आमच्या वकील साहेबांना तोंडपाठ आहे. हरियाणातलं झज्जर, तेव्हा ते पंजाबात होतं. १९६२ ला तिथून जगदेवसिंह सिद्धांती निवडून आले, प्रचारात हिंदीच्या रक्षणाची भाषा होती, म्हणून निवडणुकीला आव्हान दिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपली भाषा जपण्याचा हक्क संविधानाच्या कलम २९ ने दिलेला आहे आणि त्या भाषेच्या रक्षणासाठी चळवळ करणं त्या हक्कातच येतं. मराठीतून परिपत्रक द्या, मराठी शाळेला शिक्षक द्या, असं म्हणत मत मागणारा माणूस त्यामुळे गुन्हेगार ठरत नाही. २०१७ च्या २ जानेवारीला सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी या कलमाचा अर्थ वाढवला. उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या-जातीच्या-भाषेच्या नावानेही मत मागायचं नाही. मूळ प्रकरण मुंबईत सांताक्रुझचं, १९९० च्या निवडणुकीचं. माझ्या दुकानात पत्रकं छापून घ्यायला येणाऱ्या पोरांना मी तेव्हापासून सांगतो, मागणी लिहा, शाळा लिहा, उतारा मराठीत मिळाला पाहिजे हे लिहा. "मराठी आहेस तर मला मत दे" हे लिहू नका.

*

आता त्या दुसऱ्या अर्ध्या बाजूचं.

अर्ज दाखल झाला, आणि दोन-अडीच महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट. कोर्ट बंद. उघडलं तेव्हा समन्स परत, मग लेखी म्हणणं, मग मुद्दे काढणं, मग तारीख, तारीख, तारीख. वहिनी प्रत्येक तारखेला यायची. दुपारचा डबा माझ्या दुकानात खायची, चारच्या बसने परत. शिलाई मशीनवाली सून मेंबर म्हणून बसत होती, कामंही करत होती. गटार तिने केलं, पाण्याच्या टाकीचा कॉक तिने बदलून घेतला. तिचं यात काही चुकलं असं मी कधीही म्हणणार नाही. मतपत्रिका तिने दुमडल्या नव्हत्या.

माझी साक्ष २०२४ मध्ये झाली. निवडणुकीनंतर चौथ्या वर्षी. समोरचे वकील तरुण होते, नीट बोलत होते. त्यांनी मला किती बाद मतं, कुठल्या टेबलावर, किती लांबून बघितली, जाळी किती बारीक होती, असं सगळं विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुमचा व्यवसाय काय? मी सांगितलं. लोकांचे अर्ज तुम्ही लिहून देता? हो. कन्नडमध्ये? हो. त्या दिवशी फेरमोजणीचा लेखी अर्ज दिलात?

"नाही."

एवढंच माझ्या साक्षीच्या कागदावर शेवटच्या ओळीत आहे. मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली आहे.

गेल्या मे महिन्यात निकाल लागला. पाकीट उघडायला कोर्टाने नकार दिला आणि अर्ज फेटाळला. निकालपत्र मी तीनदा वाचलं. मतपत्रिका गुप्त असते, मागितली म्हणून उघडून दाखवायची वस्तू नाही. नेमकी कुठली चूक, कुठल्या टेबलावर, किती मतं, आणि त्याला तिथल्या तिथे केलेल्या तक्रारीचा आधार, हे सगळं असेल तरच पाकिटाला हात लावायचा. १९६४ च्या रामसेवक यादव प्रकरणापासून सगळी न्यायालयं हेच सांगत आलीत. उत्तरात खोट काढता येईल असं मला काही दिसलं नाही. आधार द्यायचं काम माझं होतं.

पण साडेचार वर्षं? तीस दिवसांवर एकतिसावा दिवस चालत नाही, आणि पाच वर्षांच्या मुदतीतली साडेचार वर्षं चालतात. आमदार-खासदारांच्या अर्जाबाबत कायद्यात लिहिलंय की सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा. तुमकूर ग्रामीणची २०१८ ची निवडणूक आपल्या उच्च न्यायालयाने रद्द ठरवली ती ३० मार्च २०२३ ला. पुढच्या विधानसभेचा कार्यक्रम आदल्याच दिवशी जाहीर झाला होता. हासनची २०१९ ची लोकसभेची निवडणूक रद्द ठरली ती १ सप्टेंबर २०२३ ला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. अर्ज करणारा बरोबर होता, की चूक होता, हे कळतं तेव्हा त्या कळण्याचा उपयोग करायला मुदत उरलेली नसते. वहिनी पुढे उच्च न्यायालयात गेली नाही. आठ महिन्यांसाठी धारवाड कशाला, म्हणाली.

नियमांना दिलेलं आव्हान मात्र उलट्या अंगाने लागतं. तिथे निवडणूकच थांबते. बेळगाव महापालिकेची मुदत मार्च २०१९ ला संपली, प्रभागरचना आणि आरक्षण यांची प्रकरणं धारवाड खंडपीठात गेली, आणि अठ्ठावन्न वॉर्डांसाठी मतदान झालं सप्टेंबर २०२१ ला. जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायत २०२१ ला संपल्या त्या २०२५ सालीही रिकाम्याच. मतदारसंघ आखायचे कुणी आणि आरक्षण ठरवायचं कसं, यात ते अडकलंय. सरकारच्या दिरंगाईबद्दल उच्च न्यायालयाने २०२२ च्या डिसेंबरात पाच लाखांचा दंडही ठोठावला. पाच वर्षांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे असं संविधानाचं कलम २४३ ई सांगतं, मध्य प्रदेशच्या प्रकरणात २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. माझ्या दुकानात येणारा शेतकरी विचारतो, आमच्या जिल्हा पंचायतीचा मेंबर कोण? मी सांगतो, कोणी नाही. त्याला ते खरं वाटत नाही.

आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एक बातमी आली. हरियाणात पानिपत जिल्ह्यातलं बुआना लाखू नावाचं गाव. २०२२ च्या नोव्हेंबरात सरपंचाची निवडणूक झाली, एका केंद्रावर मतं लिहिताना अदलाबदल झाल्याची तक्रार. प्रकरण वर चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायाधीशांनी सांगितलं, सगळी मतदान यंत्रं इथे आणा. ६ ऑगस्टला न्यायालयाच्या आवारात, रजिस्ट्रारांसमोर, दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर, कॅमेऱ्यासमोर मोजणी झाली. हरलेला ठरवलेल्या उमेदवाराला १,०५१, जिंकलेला ठरवलेल्याला १,०००. पावणेतीन वर्षांनी सरपंच बदलला.

वहिनीने ती बातमी माझ्या मोबाइलवर बघितली. दोनदा बघितली. "म्हणजे दिल्लीत गावची पेटी उघडतात," म्हणाली. मी गप्प बसलो. तिथे यंत्रं होती, आकडे होते, केंद्राचा नंबर होता, लेखी तक्रार होती, हे सगळं मला सांगता आलं असतं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मी जिंकले असते असं मी म्हणत नाही भावजी. पाच बायकांनी शिक्का कुठे मारला तेवढं बघायचं होतं."

ते पाकीट अजून कुठल्या तरी कपाटात, लाखेचं सील लावलेलं, तसंच असेल. की आता नष्टही करतील.

*

पंचायतीची मुदत आता महिन्या-दोन महिन्यांत संपते. पुढची निवडणूक कधी लागायची ती लागो. मी एक कागद तयार केलाय. एका बाजूला कन्नड, मागे मराठी. वर अधिकाऱ्याचं पद, वॉर्ड नंबर, टेबल नंबर, वेळ. खाली ओळी: बाद ठरवलेली मतं इतकी, त्यापैकी इतक्या मतपत्रिकांवर मूळ शिक्का अमुक चिन्हावर आहे आणि दुसरा ठसा पुसट व उलट दिशेचा, म्हणजे घडीचा आहे, निकाल जाहीर करण्यापूर्वी त्या पुन्हा तपासाव्यात ही विनंती. शेवटी सही, आणि "प्रत मिळाली" म्हणून अधिकाऱ्याच्या सहीची जागा. मतफरक किती, तोही रकाना ठेवलाय. आसपासच्या गावांतल्या कुणालाही, कुठल्याही गटाच्या एजंटाला, मी तो फुकट देतो. आतापर्यंत साठेक गेले.

वहिनी गुरुवारी संघाच्या बैठकीत वेगळं काम करते. माझ्या दुकानातून रद्दी कागद नेते, त्यावर तीन खाने आखते, शाईचा पॅड ठेवते. शिक्का नाही, म्हणून दोडक्याचा काप वापरतात. प्रत्येक बाईने शिक्का मारायचा, आधी उभी घडी, मग आडवी, मग उघडून सगळ्यांना दाखवायचं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांची घडी सगळ्यांत नीट येते, असं ती सांगत होती, घड्या घालायची हाताला सवय असते ना, लुगड्यांची.

मागच्या सोमवारी काकू दुकानात आल्या. पेन्शनचा हयातीचा दाखला हवा होता. तो करून दिला. पैसे देऊन झाले तरी उभ्याच. मग गल्ल्याजवळच्या गठ्ठ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ते मोजणीचं कागद म्हणतात ते हेच काय?" मी हो म्हटलं.

"दोन दे. आमची सून उभी राहीन म्हणते."